मे महिन्यात ग्राफिक कार्ड ८२ डिग्रीला जातंय. हे चालतं का?

सेलूकर_एडिटर | ९ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सेलूला माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंग. सध्या तिथी दाट आहेत, मशीन दिवसभर रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढायला, लागलेलं असतं. कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, दोन फॅनचं.

थंडीत रेंडर करताना ६६ डिग्री दाखवायचं. आता भर दुपारी ८२, आणि हॉटस्पॉट म्हणून जो दुसरा आकडा येतो तो ९५. दुकान पत्र्याचं आहे, आतून थर्माकोलची सीलिंग मारलेली. बाहेर ४२ असतं.

पुण्याला आतेभावाकडे हेच कार्ड आहे, फक्त दुसऱ्या कंपनीचं. त्याचं ६७ च्या वर जात नाही. तो म्हणतो, तुझं कार्ड जाणार. इथला मेकॅनिक म्हणतो चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून टाकू. ऐन सीझनमध्ये कार्ड गेलं तर मी लोकांना काय तोंड दाखवू? कुणाच्या लग्नाचे व्हिडिओ अडकले तर ते पुन्हा शूट होत नाहीत. जाणकारांनी नीट सांगावं.

---

जालनेकर | ९ मे, रात्री १०:३१

८० च्या वर अजिबात जाऊ देऊ नका. ७० च्या आत असलं पाहिजे. लगेच पेस्ट बदला आणि कॅबिनेटचं साइड पॅनल काढून समोर टेबल फॅन लावा.

---

गोदाकाठ | ९ मे, रात्री ११:०५

सेलूकर भाऊ, आधी घाबरणं थांबवा. आणि ऐन सीझनमध्ये पेस्टसाठी कार्ड उघडायला देऊ नका. नांदेडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, रोज कार्डं हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्डाचा नुसता आकडा बघून काही कळत नाही. कार्ड जी हवा ओढतं तिच्यापेक्षा ते किती वर आहे, ते बघायचं. कार्डात जेवढी वीज जाते तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ३०६० पूर्ण लोडवर १७० वॅट खातं. ही १७० वॅटची उष्णता हवेत सोडायला तुमच्या कार्डाच्या हीटसिंकला (चिपवर बसवलेल्या धातूच्या पात्यांना) आणि फॅनला हवेपेक्षा साधारण चाळीसेक डिग्री वर जावं लागतं. हवा २५ ची असेल तर कार्ड ६५ च्या पुढेमागे. हवा ३८ ची असेल तर तेच कार्ड, तीच पेस्ट, तोच फॅन, आणि आकडा ७८. कार्ड बिघडलेलं नाही, हवा तापली आहे.

यूट्यूबवर जे आकडे दाखवतात ते बहुतेक २०–२५ डिग्रीच्या खोलीत, एसी लावून घेतलेले असतात. परभणी-नांदेडच्या मे महिन्याशी त्याचा मेळ बसत नाही. त्यामुळे उद्या दुपारी रेंडर चालू असताना तीन गोष्टी मोजा: खोलीचं तापमान, कॅबिनेट जिथून हवा आत ओढतं त्या तोंडाशी तापमान, आणि कार्डाचं तापमान. भिंतीवरचा साधा डिजिटल थर्मामीटर चालेल. आकडे टाका, मग पुढचं सांगतो.

जालनेकरांना एक सांगतो, ७० ची मर्यादा कुठल्याही कंपनीने दिलेली नाही. तुमच्या कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया प्रत्येक कार्डाच्या माहितीपत्रकात कमाल तापमान छापते. ३०६० ला ९३ आहे, ४०६० ला ९०, २०६० ला ८८, आणि जुन्या १०५० टीआयला ९७. एकाच कंपनीच्या चार कार्डांचे चार आकडे, म्हणून 'अमुकच्या आत' असा सगळ्यांना लागू होणारा आकडा सांगता येत नाही.

---

जालनेकर | ९ मे, रात्री ११:२२

छापलेला आकडा म्हणजे त्या क्षणी जळणार नाही एवढंच ना? रोज आठ-दहा तास ८२ वर चालवलं तर आयुष्य कमी होणारच. कपॅसिटरचा नियम आहे, दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं.

---

गोदाकाठ | ९ मे, रात्री ११:४८

तुमचा मुद्दा रास्त आहे. तो नियम खरा आहे, पण तो द्रव इलेक्ट्रोलाइटवाल्या कपॅसिटरचा. आजच्या कार्डांवर बहुतेक सॉलिड पॉलिमरचे असतात, ते बरेच जास्त टिकतात. शिवाय चिप ८२ ला आहे म्हणजे कपॅसिटर ८२ ला आहे असं होत नाही, तो चिपपासून लांब बसतो.

चिपचं म्हणाल तर ती स्वतःला सांभाळते. तापमान चढतं तशी मर्यादेच्या बरंच आधीपासून दहा-पंधरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी गती उतरवत जाते. मर्यादेला टेकली की गती आणि व्होल्टेज दोन्ही पाडते. तरीही चढतच राहिलं तर कार्ड बंद होतं, स्क्रीन काळी पडते. वर्षानुवर्षं ७५–८३ मध्ये चाललेली कार्डं माझ्याकडे येतात ती चिप गेली म्हणून क्वचितच. येतात ती फॅन अडकला म्हणून, धूळ बसली म्हणून, नाहीतर वीजपुरवठ्याच्या सर्किटमधला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट झाला म्हणून.

थंड ठेवणं चांगलंच. पण ८२ बघून झोप उडावी असं त्यात काही नाही.

---

धाराशिवकर | १० मे, सकाळी ७:५०

धागा वाचतोय. आमच्याकडेही हीच गत.

---

बीडचा_पोरगा | १० मे, सकाळी ९:१५

काका, माझं एएमडी कंपनीचं आरएक्स ६६०० कार्ड आहे. साधं तापमान ७६, पण जंक्शन म्हणून जे दाखवतंय ते लै वर, १००. मग हे तर गेलंच म्हणायचं का? मित्राच्या एनव्हिडियात असला आकडाच येत नाही.

---

हिमायतबाग | १० मे, सकाळी १०:०२

याचं उत्तर मी देतो. छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो, हा विषय दरवर्षी वर्गात निघतो.

चिप म्हणजे एकसारखी तापणारी फरशी नव्हे. तिच्यावर काही कोपरे जास्त राबतात, तिथे जास्त उष्णता निघते. पूर्वी चिपच्या काठाजवळ एक सेन्सर असायचा, तोच आकडा सगळे बघायचे. आता आत अनेक सेन्सर असतात आणि त्यातला सगळ्यात वरचा आकडा जंक्शन किंवा हॉटस्पॉट म्हणून दाखवतात. म्हणजे पूर्वीही चिपचा तो कोपरा तेवढाच तापत होता, फक्त आपल्याला दिसत नव्हता. २०१९ मध्ये एएमडीची ५७०० मालिका आली तेव्हा लोक असेच घाबरले होते. तेव्हा कंपनीने स्पष्ट सांगितलं की खेळताना जंक्शन ११० पर्यंत जाणं अपेक्षित आहे आणि ते मर्यादेत आहे. तुमचं १०० त्यात बसतं.

पण या दोन आकड्यांमधलं अंतर बघायची सवय लावा. साधारण १०–१५ चं अंतर नेहमीचं. एएमडीत २० पर्यंतही दिसतं. ते २५–३० च्या पुढे गेलं, किंवा मागच्या वर्षी १५ होतं आणि आता २८ झालं, तर पेस्ट चिपवरून सरकली आहे किंवा हीटसिंक एका बाजूने नीट टेकत नाही. कार्ड तापतं, गार होतं, तापतं, तशी पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मध्ये कोरडी जागा उरते. साधं तापमान फारसं हलत नाही, हॉटस्पॉट मात्र वर निघतो.

सेलूकरांचं ८२ आणि ९५, अंतर १३. म्हणून गोदाकाठ यांनी पेस्टला नको म्हटलं ते बरोबर. बीडच्या मित्राचं अंतर २४ आहे. आत्ता चालेल, पण हा आकडा लिहून ठेवा आणि दिवाळीत पुन्हा बघा. आणखी एक: ९३ ही जी मर्यादा वर आली ती साध्या तापमानाची आहे, हॉटस्पॉटची नाही. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की उगाच गोंधळ होतो. मित्राच्या कार्डात तो आकडा येत नाही म्हणता, ते आरटीएक्स ५० मालिकेचं असेल तर त्यात एनव्हिडियाने हॉटस्पॉट दाखवणंच बंद केलं आहे.

---

सेलूकर_एडिटर | १० मे, दुपारी ३:२०

गोदाकाठ काका, मोजलं. खोली ३७. कार्ड ८२. आणि तोंडाशी मोजायला गेलो तर ४३! कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात आहे. मागे प्लायवूड, बाजूला ड्रॉवर, पुढे दार. दार उघडं असतं, पण मागची बाजू भिंतीला टेकलेली.

---

गोदाकाठ | १० मे, दुपारी ३:४१

सापडलं बघा.

तुमच्या थंडीच्या आकड्याशी हे ताडून बघा. तेव्हा खोली २४ असेल तर कार्ड ६६, म्हणजे ४२ वर. आता खोलीच्या हिशेबाने ४५ वर दिसतंय. खरं तर उन्हाळ्यात फॅन जास्त जोरात फिरतो, त्यामुळे अंतर थोडं कमीच व्हायला हवं होतं. झालं उलटं. पण कार्ड ओढतं ती हवा ३७ ची नाहीच, ४३ ची आहे. त्या हवेपासून मोजलं तर फक्त ३९ वर. म्हणजे कार्ड तुमचं थंडीपेक्षा चांगलं काम करतंय. त्या कप्प्यात ते स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतंय.

कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा. टेबलच्या बाजूला स्टुलावर ठेवा, जमिनीवर नको, जमिनीवरची धूळ थेट आत जाते. मागच्या बाजूला वीतभर तरी जागा सोडा. आजच करा आणि सांगा.

---

लातूरची_आर्किटेक्ट | १० मे, दुपारी ४:३०

मी लातूरहून. माझा लॅपटॉप आहे, आरटीएक्स ३०५०. थ्रीडी व्ह्यू काढताना ८६ वर जाऊन तिथेच थांबतो, ना वर ना खाली. दादा, काका, कुणीतरी लॅपटॉपचंही सांगा. वरचं सगळं डेस्कटॉपचं चाललंय.

---

हिमायतबाग | १० मे, सायंकाळी ५:१०

ताई, एका आकड्यावर जाऊन थांबणं हीच खूण आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ग्राफिकला ८६–८७ च्या आसपास आवरायचं असं ठरवून दिलेलं असतं. तिथे पोचला की तो वॅट कमी करतो आणि तापमान तिथेच धरून ठेवतो. धोका नाही, पण तुमचा व्ह्यू निघायला जास्त वेळ लागतो, कारण पूर्ण ताकद वापरली जात नाही.

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिकच्या तांब्याच्या नळ्या बहुतेक वेळा एकच असतात. एकाने उष्णता टाकली की दुसऱ्यालाही झळ लागते. त्यामुळे रेंडर फक्त ग्राफिकवर चालत असेल तर प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे गरजेला गती आपोआप वाढवणारी सोय, बंद करून बघा. ग्राफिकला थोडी मोकळीक मिळते. मागची बाजू दोन बोटं उचला, खालून हवा घ्यायला जागा पाहिजे. गादीवर, उशीवर कधीच ठेवू नका, खालची जाळी पूर्ण बंद होते.

---

लातूरची_आर्किटेक्ट | १० मे, रात्री ८:०५

मागे दोन वह्या लावून उचलला. ८६ च दाखवतोय अजून, पण तोच व्ह्यू आधीपेक्षा लवकर निघाला.

---

हिमायतबाग | १० मे, रात्री ८:२०

बरोबर. मर्यादा तीच, पण त्या मर्यादेत आता जास्त वॅट मिळतात. तापमानाऐवजी वॅट आणि गतीचा आकडा बघा, त्यात फरक दिसेल.

---

सेलूकर_एडिटर | १० मे, रात्री ९:४०

काढलं बाहेर. तेच रेंडर, खोली संध्याकाळची ३५, कार्ड ७४! काही खर्च नाही. आतेभावाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या खोलीत एसी आहे हे त्याने आत्ता सांगितलं.

पण दुपारी खोलीच ३७–३८ होते त्याला काय करू? कूलर आहे, तो कॅबिनेटसमोर लावला तर?

---

बीडचा_पोरगा | १० मे, रात्री ९:५५

कूलर लावू नको भौ, पाणी जातं आत. आमच्या गल्लीत एकाचा मदरबोर्ड गेलाय आसाच.

---

हिमायतबाग | ११ मे, सकाळी ८:३०

कूलर मराठवाड्यात फार उपयोगी आहे, पण लावायची रीत आहे.

आपला एप्रिल-मे कोरडा असतो. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि कूलरच्या तोंडाशी हवा बाहेरच्यापेक्षा १०–१२ डिग्रीने सहज खाली येते. तेवढीच खोली उतरली तर कार्डही जवळपास तेवढंच उतरतं. रोहिणी संपून पाऊस लागला, हवा दमट झाली की हा फायदा जातो.

ओलसर हवेने कार्डावर दव पडेल ही भीती लोकांना असते. दव नेहमी हवेपेक्षा थंड वस्तूवर पडतं. चालू कार्ड हवेपेक्षा चाळीस डिग्री गरम आहे, त्याच्यावर दव पडणार नाही. खरा त्रास दोन गोष्टींचा. एक म्हणजे उडणारे बारीक थेंब, ते जवळ ठेवलेल्या कूलरमधून येतात. दुसरं म्हणजे पाणी. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, कूलरच्या गवतावर पांढरा थर बसतो तोच. थेंब मशीनवर वाळला की पाणी जातं, क्षार राहतात, आणि वरून धूळ बसून ओल धरून ठेवतात.

म्हणून कूलर खिडकीत लावा, बाहेरची हवा ओढू द्या, आणि समोरची दुसरी खिडकी किंवा दार उघडं ठेवा. बंद खोलीत कूलर फिरवला की तासाभरात नुसती चिकचिक होते, गारवा येत नाही. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात नको, बाजूला. काम संपल्यावर शेवटी पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा थोडा वेळ चालू द्या, खोलीतली ओल निघून जाते.

---

माळवदाचं_घर | ११ मे, सकाळी ११:१०

थोडं वेगळं सांगते. आमचं उदगीरकडे जुनं माळवदाचं घर आहे, वर हातभर मातीचा थर. मे महिन्यात दुपारी बाहेर आग ओकत असते तेव्हा आतली खोली स्लॅबच्या घरापेक्षा पाच-सहा डिग्रीने गार असते. मुलाने आपलं मशीन वरच्या स्लॅबच्या खोलीतून खाली माळवदात आणलं, तर त्याचं कार्डही जवळपास तेवढंच उतरलं. एकच काळजी, माळवदातून माती झडते. मशीनच्या वर कापड ताणून बांधलंय, मशीनवर टाकलेलं नाही. टाकलं तर हवा कोंडेल.

---

गोदाकाठ | ११ मे, दुपारी १२:००

माय, हे फार मोलाचं सांगितलंत. कापड वर ताणून बांधायचं, झाकायचं नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. कित्येक जण धूळ नको म्हणून चालू सीपीयूवर टॉवेल टाकतात.

आता धुळीचं. परभणी, जालना, नांदेड, सगळीकडे जिनिंग आहेत. कापसाची तूस हवेत असते आणि कार्डाचा फॅन ती बरोबर ओढतो. परवा एक कार्ड आलं, तक्रार काय तर गेम लावला की पाच मिनिटांत ९० च्या पुढे. वरून बघितलं तर फॅन स्वच्छ, पुसलेले. चार स्क्रू काढून फॅनची प्लास्टिकची चौकट उचलली. खाली हीटसिंकच्या पात्यांवर, फॅन जिथे हवा फेकतो बरोबर त्या दोन गोलांवर, करडा थर नमद्यासारखा जमलेला. चिमट्याने कोपरा धरला तर अख्खी चकती निघून हातात आली. पात्यांमधल्या फटी बाकी सगळीकडे मोकळ्या. म्हणजे जिथून हवा जायची तिथेच बूच. पेस्टला हात लावला नाही, ती चांगली होती. साफ करून लावलं, माझ्या दुकानात ७१.

हे घरी बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही, थर उलट आत दाबला जातो. वॉरंटी संपली असेल तर फॅनची चौकट काढून मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने झाडा. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो त्याच्या नेहमीच्या गतीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

---

जालनेकर | ११ मे, दुपारी २:१५

चौकशी अशी की कार्ड उघडलंच आहे तर थर्मल पॅडही (मेमरी आणि हीटसिंकच्या मधल्या मऊ पट्ट्या) बदलावेत का?

---

गोदाकाठ | ११ मे, दुपारी २:४०

जुना फाटला, कोरडा पडून भुगा झाला असेल तरच. आणि जाडी मोजून, अगदी तीच जाडी. अर्धा मिलिमीटर जाड पॅड मेमरीवर लावला तर हीटसिंक उचलला जातो आणि चिपला टेकतच नाही. मेमरी गार आणि चिप शंभरला, अशी कार्डं हौशी लोकांकडून माझ्याकडे येतात.

---

धाराशिवकर | ११ मे, सायंकाळी ६:०५

माझं ४०६० आहे. फक्त ११५ वॅटचं. सेलूकरांचं ३०६० तर १७० वॅटचं. मग माझंही ७४–७५ का जातं? कमी वीज, कमी गरम असं पाहिजे ना?

---

हिमायतबाग | ११ मे, सायंकाळी ६:५०

प्रश्न चांगला आहे. दोन कारणं. ३०६० ची चिप २७६ चौरस मिलिमीटरची, ४०६० ची फक्त १५९. वीज कमी झाली तशी ती बाहेर पडायची जागाही लहान झाली. प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे भागून बघा, ४०६० मध्ये उलट किंचित जास्तच येते. दुसरं म्हणजे ११५ वॅटच आहे म्हणून कंपन्या हलका हीटसिंक देतात, आखूड कार्ड, एक किंवा दोन लहान फॅन. त्याच चिपच्या दोन कंपन्यांच्या कार्डांत आठ-दहा डिग्रीचा फरक यातूनच येतो. कुणी तांब्याच्या नळ्या जास्त देतं, कुणी फॅन कमी आवाजात फिरावा म्हणून मुद्दाम तापमान वर राहू देतं.

आणि काही कार्डांचे फॅन ५०–६० च्या खाली बंदच असतात. त्यामुळे नुसतं ब्राउझर उघडून बसलं तरी ५० दिसतं. दोन मॉनिटर लावले, किंवा १४४ हर्ट्झचा लावला, तर काही कार्डांची मेमरी कामाविनाच पूर्ण गतीने चालू राहते आणि तो आकडा आणखी चढतो. त्यातही घाबरण्यासारखं काही नाही.

---

सेलूकर_एडिटर | १२ मे, दुपारी १:३०

कूलर खिडकीत लावला, सरांनी सांगितलं तसा. खोली ३१. कार्ड ७०.

आणखी एक विचारतो. आमच्याकडे लाइट जाते. यूपीएस दोन-चार मिनिटं धरतो, तो संपला की सगळं झपकन बंद. फॅन बंद, कार्ड गरम. त्याने कार्ड जळत नाही का?

---

गोदाकाठ | १२ मे, दुपारी २:०५

नाही. फॅन बंद होतो त्याच क्षणी उष्णता तयार होणंही बंद होतं. चिपमध्ये साठलेली उष्णता फार थोडी, ती हीटसिंकमध्ये जाते आणि चिप काही सेकंदांत खाली येते. लाइट गेल्याने कार्डाचं तापमानाने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते लाइट परत येताना जो झटका येतो त्याने, आणि तुमची सेव्ह न केलेली फाइल जाते त्याने.

---

हिमायतबाग | १२ मे, दुपारी २:३०

एक भर. वर्षानुवर्षं वारंवार गरम-गार होण्याचा परिणाम मात्र खरा असतो. चिप आणि तिच्या खालची पाटी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, मधले सोल्डरचे बारीक मणी ताणले जातात. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिपांमध्ये याच जागी कमकुवत साहित्य वापरलं गेल्याने चिपा निकामी व्हायला लागल्या. त्या जुलैत कंपनीने दुरुस्ती आणि बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. त्यानंतर साहित्य सुधारलं. म्हणून दिवसभर एकसारखं ७८ वर चालणारं कार्ड बघून मला तेवढी चिंता वाटत नाही, जेवढी दर दहा मिनिटांनी ४० ते ९० अशी ये-जा करणारं बघून वाटते.

सेलूकर, दुपारी कूलर नसेल तेव्हासाठी आणखी एक उपाय. आफ्टरबर्नर नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि पॉवर लिमिट १०० वरून ८० करा. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटच्या थोड्याशा गतीसाठी कार्ड व्होल्टेज बरंच चढवतं, त्यामुळे तिथे थोडी गती सोडली की वीज भरपूर वाचते.

---

सेलूकर_एडिटर | १२ मे, रात्री ९:१५

सर, केलं. १७० च्या ऐवजी १३६ वॅट. कूलर बंद करून मुद्दाम बघितलं: खोली ३६, कार्ड ६९. एका गाण्याचा रेंडर आधी बारा मिनिटांत व्हायचा, आता साडेबारा. ऑर्डर उद्या सकाळी द्यायची आहे, त्याला हे काहीच नाही. फॅनचा आवाजही उतरला.

---

जालनेकर | १२ मे, रात्री ९:४०

हे मला पटलं. मीही ८० वर ठेवतो.

---

बीडचा_पोरगा | १२ मे, रात्री १०:०५

काका, एक जण जुनं ३०९० विकायलाय, क्रिप्टो मायनिंगवर चाललेलं. घ्यावं का? तापमान ६८ च दाखवतोय तो.

---

गोदाकाठ | १२ मे, रात्री १०:३५

ते ६८ चिपचं. ३०९० मध्ये बघायचं मेमरीचं. त्यात जीडीडीआर६एक्स मेमरी आहे आणि निम्म्या चिपा कार्डाच्या पाठीमागे बसवलेल्या आहेत, तिथे फॅनची हवा पोचत नाही. मायनिंगमध्ये मेमरीच सगळ्यात जास्त राबते. एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर उघडून मेमरी जंक्शन (मेमरीचा सगळ्यात वरचा आकडा) बघ. ११० ला पोचली की कार्ड मंदावतं. साध्या गेमला अर्ध्या तासात १०४–१०६ जात असेल तर मागचे पॅड गेलेत, किंमत त्या हिशेबाने कर. तुझ्यासमोर अर्धा तास लोडवर चालवून दाखवायला तयार नसेल तर घेऊ नको. दोन्ही-तिन्ही फॅनचे आरपीएम वेगवेगळे बघ, एखादा अडकत असेल तर तिथेच कळतं. आणि ३५० वॅटचं कार्ड आहे, तुझी पॉवर सप्लाय कितीची आहे ते आधी सांग.

---

बीडचा_पोरगा | १२ मे, रात्री १०:४२

५०० ची आहे काका.

---

गोदाकाठ | १२ मे, रात्री १०:४५

मग नको. ६६०० च ठेव, तुझ्या कामाला पुरतं. पावसाळ्यात येऊन जा नांदेडला, तुझं ते २४ चं अंतर उघडून बघू.